चोथ्यावरची कॉफी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. माझ्या हातचे भरीत चांगले होईल, इतिहास कसा होणार?" त्या हसून म्हणाल्या, "मग स्वयंपाकघरातलाच लिहा." त्या बोलून गेल्या, पण ते माझ्या डोक्यात राहिले. आमच्या घरी गेली दोन वर्षे कॉफीवरून जे काही चालले आहे, त्याचा मागोवा घेता घेता मी सुरतेपर्यंत आणि थेट अरबस्तानातल्या मोख्यापर्यंत जाऊन आले. ती हकीकत येथे देते. मराठी पुस्तके मी वाचनालयातून आणून स्वतः वाचली. इंग्रजी जेथे आले तेथे ह्यांनी वाचून दाखविले. चूकभूल माझी समजावी.

आपला खान्देश चहाचा. पाहुणा आला की चहा, शेतातून माणूस आला की चहा, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला तरी चहाच. कॉफी ही कारणपरत्वे. एकादशीला, आजाऱ्याला, रात्री उशिरा उतरलेल्या पाहुण्याला, नाहीतर मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना. म्हणून कॉफीच्या पातेल्याभोवती घरातला मानपान जितका दिसतो, तितका चहाच्या भोवती दिसत नाही.

सासूबाई १९६५ साली लग्न होऊन धुळ्यात या घरात आल्या. त्या वेळी घरात पोल्सनच्या कॉफीचा डबा असे. तो त्यांच्या सासूबाईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला. बैठकीत कोणी मोठे माणूस आले की डबा बाहेर निघे. दूध, पाणी, साखर एकत्र करून त्यात पूड टाकायची, चांगल्या चार उकळ्या येऊ द्यायच्या, वर जायफळ किसायचे आणि फडक्यातून गाळून कपबशा बैठकीत पाठवायच्या. मग फडक्यातला चोथा पुन्हा पातेल्यात पडे. त्यावर पाणी आणि गुळाचा खडा घालून जे उकळत ते स्वयंपाकघरातल्या बायकांचे. त्याला आमच्या घरात 'चोथ्यावरची' असे नावच होते. सासूबाई सांगतात, "मला कितीतरी वर्षे कॉफी म्हणजे तीच ठाऊक होती." हे त्या तक्रारीने सांगत नाहीत. बोरी पडल्या, पाऊस आला, अशाच सुरात सांगतात. मला मात्र ते ऐकून चैन पडले नाही.

माझी स्वतःची गोष्ट निराळी. माझे माहेर चोपडे तालुक्यातल्या खेड्यात. घरी कॉफी कधी झाली नाही. १९९९ साली मला पाहायला धुळ्याची मंडळी आली ती जळगावला, माझ्या मामांच्या घरी. मामींनी पातेले चुलीवर ठेवून मला सांगितले, "जरा उकळू दे," आणि त्या पाहुण्यांचे स्वागत करायला बाहेर गेल्या. चहा जितका उकळावा तितका रंग धरतो, हे माझे ज्ञान. मी ती कॉफी उकळत राहिले. वरपक्षाकडील एका वयस्कर गृहस्थांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "काढा छान झाला आहे." सगळे हसले. लग्न जमले, पण त्यानंतर वीस-बावीस वर्षे मी कॉफीच्या पातेल्याला हात लावला नाही. कॉफी करायची वेळ आली की मी जाऊबाईंना पुढे करी. पुढे झटपट विरघळणारी बाटलीतली कॉफी घरात आली तेव्हा मी सुटले. चमच्याने साखरेबरोबर फेटायची, वर गरम दूध ओतायचे, की झाले. त्या कॉफीत चोथाच नसतो, तेव्हा चोथ्यावरचीही आपोआप गेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला थोरल्या मुलीने पुण्याहून एक खोके पाठविले. आत काचेचे उभे भांडे, त्याला पोलादी चौकट, झाकणातून आरपार गेलेला दांडा आणि दांड्याच्या खालच्या टोकाला बारीक जाळी. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले. "हाई काय शे वं? पंप शे का?" मुलीने फोनवर सांगितले, याला फ्रेंच प्रेस म्हणतात. आम्ही त्याला दट्ट्याचे भांडे म्हणतो, आणि पिचकारीचा दट्ट्या ज्याने पाहिला आहे त्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

सोबत कॉफीची पुडी होती, तीही निराळी. आपण नेहमी आणतो ती पूड मैद्यासारखी, ही जाड रव्यासारखी भरड. रीत अशी की भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावयाचे. एका कपाला दोन चमचे शीग भरून पूड घालावयाची. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावयाचे, आणि मग ते पाणी पुडीवर ओतून, एकदा ढवळून, झाकण ठेवावयाचे. चार मिनिटे हात लावावयाचा नाही. नंतर दट्ट्या सावकाश खाली दाबला की चोथा तळाशी अडकतो आणि वर राहते ती कॉफी. ती लगेच सगळी ओतून घ्यावी. चोथ्यावर तशीच राहू दिली तर मुरत राहते आणि कडवट होते. दूध लागत असेल तर वेगळे तापवून वरून घालावे.

पहिल्या दिवशी मी घोट घेतला आणि जळगावची ती दुपार डोळ्यांपुढे आली. कॉफी उकळावयाचीच नसते! पुडीतला सुगंध आणि गोडवा पाण्यात आधी उतरतो, कडूपणा मागून उतरतो. उकळत ठेवले की सुगंध वाफेबरोबर घरभर जातो आणि पातेल्यात कडूपणा तेवढा शिल्लक राहतो. मी त्या दिवशी थोडे जास्त उकळले, एवढाच माझा अपराध. बाकी उकळत तर सगळेच होते, मामीही आणि सासूबाईंच्या सासूबाईही. मग ही रीत आपल्याकडे आली कोठून, आणि या भांड्याचे नाव फ्रेंच का, असा प्रश्न मला पडला आणि मी वाचनालयात गेले.

भांड्याचे पहिले पेटंट १८५२ साली फ्रान्समध्ये मायर आणि डेलफोर्ज या दोघांनी घेतले. परंतु त्याला नीट रूप दिले ते इटलीतल्या लोकांनी. मिलानचे कालिमानी व मोनेटा यांचे पेटंट १९२९ चे, आणि बोंदानिनी नावाच्या आणखी एका इटालियन गृहस्थाचे १९५८ चे. त्याची भांडी पुढे फ्रान्समधल्या एका कारखान्यात होऊ लागली. कारखाना कसला, तर क्लॅरिनेट हे फुंकून वाजविण्याचे वाद्य करणाऱ्यांचा. तेव्हा नाव फ्रेंचांचे झाले असले तरी कष्ट अर्धेअधिक इटलीचे आहेत.

गंमत अशी की 'फ्रेंच' हा शब्द आमच्या घरात फार पूर्वीच येऊन राहिला होता. सासूबाईंच्या आठवणीतला तो पोल्सनचा डबा 'फ्रेंच कॉफी' म्हणूनच विकला जाई. पोल्सन हे कोणा साहेबाचे नाव नव्हे. पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या पारशी गृहस्थांना घरी पॉली म्हणत, त्यावरून ते नाव पडले. त्यांनी १८८८ साली मुंबईत कॉफी दळून विकण्याचे दुकान काढले. लोणी पुढचे. आता फ्रेंच कशासाठी, तर त्यात चिकोरी मिसळलेली असे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते भाजून दळले की रंगाने आणि चवीने कॉफीजवळ जाते. नेपोलियनने १८०६ पासून इंग्रजांचा व्यापार अडविला, तेव्हा फ्रान्समध्ये कॉफीचा तुटवडा पडला आणि लोकांनी ही मुळी मिसळून भागविले. पुढे कॉफी मिळू लागली तरी सवय राहिली. युद्धात लागलेली सवय जहाजात बसून मुंबईला आली आणि तेथून आगगाडीने धुळ्याच्या कपाटात. चाळीसगावहून धुळ्याला आगगाडी १९०० साली आली हे आपल्याला माहीत आहेच. चिकोरीचा रंग लवकर उतरतो, कडूपणाही दाट, म्हणून थोड्या पुडीत पुष्कळ कप होतात. ज्या घरात खाणारी तोंडे वीस आणि कमावते हात दोन, त्या घराला ते सोयीचेच होते. म्हणून मी चिकोरीला नावे ठेवणार नाही. परंतु सासूबाईंच्या वाट्याला त्या चोथ्याचेही दुसरे पाणी येई, हेही लिहिले पाहिजे.

याच्याही मागे गेले तर आपला खान्देशच वाटेत लागतो. कॉफीचे झाड मूळचे आफ्रिकेतल्या इथिओपियाचे. त्याच्या बियांचे पेय करून पिण्याची रीत पंधराव्या शतकात येमेनमधल्या सूफी साधूंमध्ये दिसते. रात्रभर नामस्मरण करताना डोळा लागू नये म्हणून ते कॉफी पीत. १५११ मध्ये मक्केच्या सुभेदाराने कॉफीवर बंदी घातली होती, ती टिकली नाही. मोख्याच्या बंदरातून कॉफीचे दाणे सुरतेला उतरत. जुन्या मराठीत या दाण्याला बुंद म्हणत, तो शब्द अरबीच आहे. सुरतेचा माल बुऱ्हाणपूरला जाई तो खान्देशातून. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच रस्त्याने, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर असे मुक्काम करीत बुऱ्हाणपूरला गेला. चोपड्याचे नाव वाचून मी ह्यांना तेवढा भाग दोनदा वाचायला लावला. या रोसाहेबाकडे पुढे टेरी नावाचा पाद्री होता. त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की या देशातले कित्येक लोक काळ्या बिया पाण्यात उकळून पितात, त्याला कॉफी म्हणतात, आणि ते पेय चवीपेक्षा प्रकृतीला बरे. म्हणजे उकळणे तेव्हापासूनचे! आणि लंडनमध्ये कॉफीचे पहिले दुकान निघाले ते १६५२ साली, टेरी येथून परत गेल्यावर सुमारे तेहेतीस वर्षांनी.

आपल्या देशात झाड कसे आले, ती बाबा बुदन यांची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. अरब लोक दाणा भाजल्या-उकडल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत, रुजू नये म्हणून. सतराव्या शतकात मक्केहून परत येताना बाबा बुदन यांनी सात कच्चे दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, असे परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही त्यांचे नाव आहे.

वाचताना माझ्या मनात एक विचार सारखा येई. पुस्तकात साधू आहेत, वकील आहेत, पाद्री आहेत, व्यापारी आहेत. कॉफी उकळणारी बाई कोठे आहे? ती एके ठिकाणी सापडली, तीही भांडताना. १६७४ साली लंडनमध्ये 'बायकांचा कॉफीविरुद्ध अर्ज' म्हणून एक पत्रक निघाले. नवरे सगळा दिवस कॉफीच्या दुकानात गप्पा छाटतात आणि घराच्या कामाचे राहत नाहीत, अशी त्यात तक्रार. पत्रक बायकांच्या नावाने कोणा पुरुषानेच चेष्टेने लिहिले असावे, असे पुष्कळ जाणकार मानतात. म्हणजे तेथेही आपली पंचाईतच.

कॉफी इतकी आधी येऊनही आपल्याकडे चहाने तिला मागे कसे टाकले, याचे एक कारण सिलोनमध्ये आहे. तेथे कॉफीचे मोठमोठे मळे होते. १८६९ च्या सुमारास झाडांच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत मळे बसले. मळेवाल्यांनी त्याच जमिनीत चहा लावला. आसाम आणि सिलोन दोन्हीकडून चहा येऊ लागल्यावर तो खपविण्यासाठी बाजारपेठेची गरज पडली. चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार गावोगाव करण्यात आला. कॉफीसाठी तसे कोणी फार दिवस केले नाही.

चहा तरी सुखासुखी आला का? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. परंतु नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी टिळकांनी आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. एका कपाने केवढे वादळ उठले पाहा! हेच रानडे १८७९ साली आपल्या धुळ्यात बदलून आले होते आणि रमाबाई त्यांच्याबरोबर होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकविले, आणि घरातल्या मोठ्या बायकांनी त्यावरून टाकून बोलले, हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहिले आहे. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले. हे कॉफीचे नव्हे, ठाऊक आहे. पण धुळ्याचे नाव आले आणि मला राहवले नाही.

कॉफीच्या मळेवाल्यांना जाग आली ती १९३५ नंतर. पीक खपत नव्हते, म्हणून कॉफीवर कर बसवून प्रचार सुरू झाला. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस निघाले. त्याच साली डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, खेड्यात भरलेले पहिले. महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा सरकारने १९४२ चा कायदा करून मळ्यातली सगळी कॉफी बोर्डाच्या एका साठ्यात जमा करून घेण्यास आरंभ केला. ती व्यवस्था युद्ध संपले तरी पन्नासएक वर्षे चालली. मळेवाल्याला आपली कॉफी आपण विकता येत नसे. अमक्या मळ्याची चांगली, तमक्याची साधारण, हा भेद साठ्यात नाहीसा होई. मधल्या काळात, १९५७ साली, बोर्डाची कॉफी हाऊसे बंद होऊ लागली तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या सल्ल्याने सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, आणि कित्येक आजही चालू आहेत. १९९२ पासून मळेवाल्यांना थोडी थोडी मोकळीक मिळाली आणि १९९६ साली सगळ्यांना आपले पीक आपण विकण्याची मुभा झाली. म्हणून आज चिकमगळूरच्या मळ्यात भाजलेली, आमच्या भांड्याला हवी तशी भरड केलेली पाव किलोची पुडी आठ दिवसांत धुळ्याला आमच्या दारात येते. सासूबाईंच्या तरुणपणी पैसे असते तरी ही पुडी अशी मागविता आली नसती.

आपल्या महाराष्ट्रातही थोडी कॉफी पिकते. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, सुमारे छत्तीसशे फुटांवर. तोही सातपुडाच. यावल-रावेरच्या भगिनींना अंगणातून दिसतो, तोच डोंगर पूर्वेला तेथवर गेला आहे.

एक गोष्ट सावधगिरीची. दट्ट्याच्या भांड्यातली जाळी चोथा अडविते, पण कॉफीतले तेल तिच्यातून उतरते. चव त्याचीच, परंतु त्या तेलाने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. उकळलेल्या कॉफीचेही तेच. कागदाच्या गाळणीत ते तेल अडकून राहते. ह्यांना डॉक्टरांनी सांभाळून राहायला सांगितले आहे, म्हणून ह्यांची कॉफी मी कागदातून गाळते. ह्यांना ती पांचट लागते. त्याला माझा इलाज नाही.

आता राहिली ती सासूबाईंची हकीकत. भांडे आल्यावर पहिले चार दिवस त्यांनी नको म्हटले. मग एके दुपारी मी त्यांच्यासाठी वेगळी केली, पुडीतच जायफळ किसून टाकले, वरून गरम दूध. त्या बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या. कप तेथेच नेऊन दिला. त्यांनी हळूहळू सगळा संपविला आणि म्हणाल्या, "आज बैठकमानी कॉफी भेटनी वं माले." मी आत गेले आणि भांडे धुवायला घेतले. मागून त्या आल्या. चोथा मी टाकायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. फुकट कशाला जाऊ द्यायचा, त्यावर पाणी घाल. मी घातले, चार मिनिटे ठेवले, दट्ट्या दाबला. आम्ही दोघींनी एक एक घोट घेतला. नुसते गढूळ पाणी. त्या माझ्याकडे पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच भांडे घेतले आणि चोथा मागच्या दारी गुलाबाच्या कुंडीत ओतला.

तेव्हापासून रोज चार वाजता दट्ट्या त्या दाबतात. मी दाबलेला त्यांना घाईचा वाटतो.

वर्धापनदिनाला मी भांडे घेऊन मंडळात येणार आहे. एका वेळी तीनच कप निघतात, तेव्हा भगिनींना थोडी वाट पाहावी लागेल. दुधाची व्यवस्था मंडळाने करावी. जायफळ सासूबाई घेऊन येणार आहेत.